होडी पुन्हा पाण्यात

सामान्य काळातील तिसरा रविवार (वाचनचक्र अ)



आजचे शुभवर्तमान आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. प्रभू येशू गालील सरोवराच्या काठाने चालला आहे. तो प्रथम पेत्र आणि आंद्रेया यांना हाक मारतो आणि ते जाळी सोडून त्याच्यामागे जातात. थोडे पुढे गेल्यावर त्याला याकोब आणि योहान हे आणखी दोघे भाऊ दिसतात. हा उतारा ऐकताना आपले लक्ष बहुधा त्या हाकेकडे असते आणि त्यांच्या तत्काळ निघून जाण्याकडे असते. हाक आली तेव्हा हे दोघे भाऊ काय करीत होते, हे आपण सहसा विसरतो. ते मासे धरीत नव्हते. बापाबरोबर होडीत बसून ते फाटलेली जाळी नीट करीत होते.

जाळी नीट करणे यासाठी संत मत्तयने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे ते आहे 'कातार्तिझो'. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या ख्रिस्तसभेला विनवतो की आपसांतली फूट सोडा आणि एका मनाने जोडलेले राहा. तिथेही मुळात हेच क्रियापद आहे! मराठीत दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द येतात, त्यामुळे हे नाते आपल्या कानाला कळत नाही. गलतीकरांना लिहितानाही पौल सांगतो की कोणी बंधू अपराधात सापडला तर त्याला सौम्यपणे पुन्हा उभे करा, आणि तिथेही तोच शब्द येतो. जुने ग्रीक वैद्य निखळलेले हाड बसवताना तो वापरीत. जुने ग्रीक इतिहासकार गलबत दुरुस्त करून प्रवासाला सज्ज करण्यासाठी तो वापरीत. म्हणजे जाळे, हाड, गलबत, भांडलेली ख्रिस्तसभा आणि घसरलेला भाऊ या पाचांवर करायची क्रिया एकच. आज आम्ही यांतला गलबताचा धागा धरून बोलणार आहोत. त्याला कारण आहे. आपण खाडीकाठची माणसे आहोत.

पनवेल हे बंदर होते, हे आता सांगावे लागते. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलला उतरायचा आणि इथून गाडीने घाट चढायचा. इथल्या सुतारांनी केलेली बैलगाडीची चाके नावाजलेली होती. लाकूड ओळखणारे हात या गावात होते, एवढेच यावरून ध्यानात घ्यायचे. आज शिवडी ते न्हावा-शेवा हा समुद्रावरचा पूल २०२४ च्या जानेवारीत खुला झाला आहे, २०२५ च्या डिसेंबरात आपल्या तालुक्यातून विमाने उडू लागली आहेत, आणि खाडीच्या भरावावर इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत आपल्यापैकी पुष्कळ जण राहतात. पण भरतीच्या वेळी खाडीपुलावरून खाली पाहिले तर अजून काही होड्या दिसतात. आगरी आणि कोळी बांधवांच्या त्या होड्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीला बंदी असताना, आम्ही युवक मंडळाच्या काही मुलांना घेऊन उरण तालुक्यातील करंजाला गेलो होतो. बंदरावर बोटी ओळीने काठावर ओढलेल्या, शाकारलेल्या. कोणी झावळ्यांनी, बहुतेकांनी निळ्या प्लॅस्टिकने. एक जुनी लाकडी होडी मात्र उघडी होती आणि तिच्या कुशीशी एक वयस्कर मिस्त्री उकिडवे बसून हातोडीच्या दांड्याने फळीवर ठोकत होते. एक ठोका, मग दोन बोटे पुढे, पुन्हा एक ठोका. मुलांपैकी एकाने विचारले, "काका, किती दिवसांत होईल?" त्यांनी वर न पाहताच म्हटले, "आधी आईकू दे रे पोरा." चांगले लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले लाकूड बद्द वाजते. दिसायला दोन्ही सारखीच, कारण वरून रंग असतो. त्या सकाळी त्यांनी एकही खिळा काढला नाही. अर्धा दिवस नुसते ऐकले आणि खडूने खुणा केल्या. नाखवा बाजूला उभा होता, तोही गप्प.

आमच्याबरोबरची मुले कंटाळली, हे खरे. त्यांना वाटले होते की दुरुस्ती म्हणजे तोडफोड आणि ठोकाठोक बघायला मिळेल.

पुढे मिस्त्रींनी जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. होडीचा कणा म्हणजे पठाण. पठाणाला दोन्ही बाजूंनी वाके जोडलेले असतात, माणसाच्या बरगड्यांसारखे, आणि वाक्यांवर फळ्या मारलेल्या असतात. फळी कुजली तर फळी बदलता येते, वाक गेला तर वाकही बदलता येतो. पण सगळे एकदम काढायचे नाही. सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर होडीचा आकार हरपतो, आणि हरपलेला आकार कोणाच्याच ध्यानात राहिलेला नसतो. म्हणून एक फळी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मग दुसरीला हात लावायचा. कुजका भाग कापताना चांगले लाकूड लागेपर्यंत कापत जायचे, कारण थोडी कीड ठेवून वर नवा तुकडा मारला तर तो तुकडाही जातो. दोन फळ्यांचे सांधे एकाच वाक्यावर एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर होडी तिथेच उघडते. सांध्यांच्या फटीत तेला-राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा. आणि हे सर्व झाले तरी होडी पाण्यात गेल्यावर पहिले काही तास गळणारच, तेव्हा घाबरायचे नाही. काठावर सुकलेले लाकूड आक्रसलेले असते, ते पाणी पिऊन फुगले की सांधे आपोआप घट्ट होतात. जी होडी वर्षानुवर्षे काठावरच ठेवली जाते, तिला उन्हाने एवढ्या फटी पडतात की ती पुढे पाण्यात घालण्याजोगी राहत नाही. पाणी लाकडी होडीला नासवते आणि पाणीच तिला धरून ठेवते.

वाक्यांसाठी सुतार मुद्दाम वाकड्या वाढलेल्या फांद्या शोधतात. सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याचे तंतू आडवे तुटतात आणि लाटेच्या दणक्याने ते फाटते. जन्मताच वाकडे वाढलेले बाभळीचे लाकूड मात्र त्या जागी लोखंडासारखे टिकते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना जर्मन तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट याचे एक प्रसिद्ध मत वाचले होते. १७८४ सालच्या एका निबंधात तो म्हणतो की माणूस ज्या वाकड्या लाकडाचा घडला आहे त्यातून पूर्ण सरळ असे काही करता येणार नाही. कांटचा जन्म कोनिग्सबर्ग या बंदराच्या शहरातला, आणि आयुष्यही तिथेच गेले. पण तो धक्क्यावरच्या सुतारांशी बोलला नसावा असे आम्हांला वाटते. बोलला असता तर त्याला कळले असते की वाकड्या लाकडावाचून होडीच होत नाही.

आता किडीविषयी. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला लोक किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा आहे. अगदी बारीक असताना तो फळीत शिरतो, त्यामुळे बाहेर पडलेले भोक टाचणीच्या डोक्याएवढेच राहते. आत मात्र तो वाढत जातो आणि लाकडाच्या धारेने लांबच लांब बोगदे करतो. बाहेरून अखंड दिसणारी फळी एक दिवस पायाखाली बिस्किटासारखी मोडते. यावर जुना उपाय असा की होडी ठराविक काळाने काठावर ओढून वाळू द्यायची, तिच्या तळाला गवताचा जाळ दाखवायचा आणि मग माशाचे तेल चोपडायचे. अलीकडे दुसरा उपाय निघाला आहे, तो म्हणजे लाकडावरून फायबरचे कवच चढवणे. नीट केले तर तो चांगला उपाय आहे. पण लाकूड पूर्ण वाळलेले नसताना, आतली कूज न काढता, घाईने वरून फायबर चढवले तर ओल आत कोंडते. मग लाकूड आतल्या आत कुजत जाते आणि ठोकून पाहिले तरी कळत नाही, कारण कवचाचा आवाज वेगळाच येतो. होडी चकचकीत दिसते! प्रभू येशूने परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, ती तुम्हांला आठवेल. खाडीवर बोलला असता तर त्याने ओल्या लाकडावरच्या फायबरची उपमा दिली असती, असे म्हणायचे धाडस आम्ही करतो.

आपल्यापैकी किती जण नाताळच्या आणि पास्काच्या आधी धावतपळत कुमसारला येतात आणि दोन मिनिटांत वरचा रंग लावून जातात! आम्ही कोणाला दोष देत नाही. लांबलचक रांग असते, धर्मगुरूही घड्याळ पाहत असतो. पण होडी काठावर ओढल्याशिवाय तिच्या तळाला हात लागत नाही. पावसाळ्यातले ते दोन महिने कोळी बांधवांना परवडतात म्हणून ते होडी वर ओढतात, असे नाही. त्या दोन महिन्यांत हातात पैसा येत नाही, उलट दुरुस्तीला जातो. पुढील महिन्यात उपवासकाळ सुरू होईल. त्याचे दिवस चाळीस.

येथवर होडी होती तशी पुन्हा करण्याविषयी झाले. पण जुन्या होडीत नवे काही बसवायचे असेल तर?

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, आपल्या किनाऱ्यावर हाच प्रश्न उभा राहिला. शिडाच्या होड्यांना इंजिन द्यायचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञ भारतात आले. केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा भागात भारत आणि नॉर्वे यांचा प्रकल्प १९५२ च्या कराराने सुरू झाला. तो किनारा आपल्या लॅटिन कॅथलिक मच्छीमार बांधवांचा आहे. तिथल्या एकाच झाडातून कोरलेल्या होड्यांना इंजिन मानवले नाही, तेव्हा नव्या धाटणीच्या होड्या तयार कराव्या लागल्या. मुंबई राज्यात मात्र वेगळे घडले. सातपाटी आणि वर्सोव्याच्या कोळी बांधवांच्या होड्या अशा घडणीच्या होत्या, त्यांचा पठाण सरळ आणि पोट रुंद होते, की थोडाफार फेरफार करून त्यांच्यातच इंजिन बसले. परदेशी तज्ज्ञांना जे नव्याने आखावे लागले असते, ते आपल्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या सुतारांनी पिढ्यान् पिढ्या आधीच घडवून ठेवले होते.

तरीसुद्धा 'थोडाफार फेरफार' हे म्हणायला सोपे आहे. इंजिन नुसते उचलून होडीत ठेवता येत नाही. ते एका जागी ठेवले तर त्याच्या वजनाने आणि थरथरीने तिथल्याच फळ्या सैल होतात, खिळे हलतात, सांध्यातला कापूस निघून येतो. म्हणून आधी त्याच्यासाठी पाया करावा लागतो, म्हणजे अनेक वाक्यांवरून जाणारे दोन जाड लांब सोट, जेणेकरून भार एका वाक्यावर न पडता पाच-सहा वाक्यांवर वाटला जाईल. मागच्या खांबाला गिरमिटाने भोक पाडून त्यातून पंख्याचा दांडा बाहेर काढावा लागतो. सुकाणूची जागा बदलते. मागचा भाग जड होतो, म्हणून पुढे नीरम ठेवून, म्हणजे तळाशी वजन ठेवून, तोल साधावा लागतो. डोलकाठी लहान होते, कारण शीड आता अडीअडचणीपुरतेच राहते. एक नवी वस्तू आत आली की जुन्या प्रत्येक वस्तूला थोडे सरकावे लागते.

कृपा माणसाचा स्वभाव मोडीत काढीत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते, असे संत थॉमस अॅक्विनास यांनी शिकवले. सेमिनरीत आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केले होते. इंजिनाचा पाया बघितल्यावर ते अधिक कळले.

तर आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे येतो. आपल्या धर्मग्रामात अशी काही घरे आहेत जिथला कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला होता आणि आता उपचार घेऊन परत आला आहे. नावे घेण्याची गरज नाही. अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात असतात. तो माणूस रविवारी मिस्साला येतो, मागच्या दाराजवळच्या बाकावर बसतो, आणि मिस्सा संपण्याआधीच निघून जातो. का? कारण बाहेर आपण उभे असतो. कोणी पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय, सुटली का एकदाची?" कोणी लांबूनच तोंडाचा वास येतो का ते पाहतो. कोणी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारतो, "वहिनी, खरंच बंद आहे ना?" हे सर्व प्रेमाने चालते, असे आपण समजतो. पण ठोकून पाहणे आणि ठोकणे यांत फरक आहे. मिस्त्री ठोकत होते ते ऐकण्यासाठी. आपण ठोकतो, आणि उत्तर यायच्या आत पुढे जातो.

घरच्यांची प्रार्थना असते की तो पूर्वीसारखा व्हावा. ही इच्छा आम्ही समजू शकतो. पण पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा? कूज तर पूर्वीच लागली होती, फक्त दिसत नव्हती. तो माणूस होता तसा परत येणार नाही. त्याच्या काही फळ्या नव्या असतील. तो पूर्वीइतका हसणार नाही, मित्रांच्या पार्टीला येणार नाही, कदाचित लग्नाच्या हॉलमधून लवकर निघेल. त्याला संध्याकाळी सभेला जायचे असेल, कारण १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ त्याला सांगते की आज एक दिवस पिऊ नकोस आणि आपल्यासारख्यांच्या सोबत बस. ही सभा म्हणजे त्याचे नवे इंजिन आहे. त्यासाठी पाया घरच्यांनी करायचा आहे. जेवणाची वेळ बदलावी लागेल, घरात ठेवलेली बाटली पाहुण्यांसाठी का असेना काढावी लागेल. आणि भार एकट्या बायकोच्या खांद्यावर ठेवून भागणार नाही. तो पाच-सहा वाक्यांवर वाटला गेला पाहिजे. भाऊ, मेहुणा, शेजारी, आपल्या लघु ख्रिस्ती समूहातले दोघेतिघे, आणि धर्मगुरूसुद्धा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. पाण्यात घातलेल्या होडीवर पहिल्याच दिवशी पूर्ण भार लादीत नाहीत. आणि तिला अगदी रिकामीही सोडीत नाहीत, कारण रिकामी होडी लाटेवर उलटते. त्याला सणाच्या वर्गणीची पेटी सांभाळायला देऊ नका, पण खुर्च्या लावायला जरूर बोलवा. आणि पहिले काही दिवस गळती झाली, एखाद वेळी त्याचा पाय घसरला, तर "बघा, आम्ही म्हटलेच होते" हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. मिस्त्री होडीच्या आत बसून कुठून पाणी येते ते बघत राहतात. पहिल्या थेंबाला ते होडी सोडून पळत नाहीत. सौम्यपणे उभे करा, असे पौल म्हणतो ते याच अर्थाने. तो लगेच पुढे हेही सांगतो की असे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवा, म्हणजे तुम्हीही मोहात पडणार नाही.

जे एका माणसाचे तेच सबंध ख्रिस्तसभेचे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत एक जुने कोडे आहे. प्लुटार्क सांगतो की थिसियस या वीराची तीस वल्ह्यांची नौका अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवली होती. एकेक फळी कुजली की ते नवी बसवीत. शेवटी जुनी एकही फळी उरली नाही. मग ही नौका तीच की वेगळी? सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरी नौका बांधली तर खरी कोणती? आम्ही विद्यार्थी असताना यावर रात्री जागवल्या आहेत. करंजाच्या नाखव्याला आम्ही हे कोडे घातले. तो म्हणाला, "फादर, पठाण जुनाच हाय ना? मंग होरी तीच." ग्रीकांनी उगाच एवढा त्रास घेतला!

परंतु पठाणाचेही सांगण्यासारखे आहे. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी खूप खाली गेले असताना, गिनोसार वसाहतीच्या मोशे आणि युवाल लुफान या दोघा मच्छीमार भावांना चिखलात एका जुन्या होडीची कड दिसली. मग्दाला तिथून जवळच. अभ्यासकांनी ती होडी प्रभू येशूच्या सुमारच्या काळातली ठरवली. ती आठ मीटरहून थोडी अधिक लांब आणि सुमारे २.३ मीटर रुंद आहे. येशू किंवा त्याचे शिष्य याच होडीत बसले होते, असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण पेत्राची किंवा जब्दीची होडी साधारण अशीच असणार.

ती मिळाली तेव्हा तिचे लाकूड पाण्याने इतके भरले होते की बोट लावले तर खूण उमटावी. शेली वाक्समन यांच्या देखरेखीखाली लोकांनी दिवसरात्र खणून, पुन्हा चढणाऱ्या पाण्याच्या आत, ती सुमारे बारा दिवसांत मोकळी केली. संवर्धनतज्ज्ञ ओर्ना कोहेन यांनी तिला फायबरग्लासचा आधार देऊन फेसाच्या जाड कवचात गुंडाळले, आणि तशीच ती पाण्यावर तरंगवत काठाला नेली. दोन हजार वर्षांनी तिने पुन्हा तेवढा एक प्रवास केला. नंतर दहा वर्षांहून अधिक काळ ती मेणासारख्या द्रावणाच्या टाकीत ठेवली, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा ते मेण घेईल. २००० सालापासून ती तिथल्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवली आहे.

त्या होडीत बारा प्रकारचे लाकूड सापडले! फळ्या बहुतेक गंधसरूच्या, वाके ओकचे, हे ठीक. पण मधूनमधून देवदार, विलो, असे हाताला लागेल ते. वर्षानुवर्षे कोणा गरीब कोळ्याने ती डागडुजी करून चालवली होती. तज्ज्ञांचे मत असे की बांधणारा कारागीर कसबी होता, पण त्याला चांगले लाकूड परवडत नव्हते. आणि तिचा पठाण? तोही अखंड नाही. त्याचा पुढचा भाग गंधसरूचा, बहुधा आधीच्या एखाद्या होडीतून काढलेला, आणि मागचा भाग बोरीच्या जातीच्या लाकडाचा. बोरीचे लाकूड पठाणाला! आपला मिस्त्री डोक्याला हात लावील. तरी त्या होडीने पुष्कळ वर्षे सरोवरात मासेमारी केली. शेवटी ती दुरुस्तीपलीकडे गेली, तेव्हा तिचे उपयोगी भाग दुसऱ्या होडीसाठी काढून घेऊन सांगाडा पाण्यात ढकलून दिला.

करिंथच्या लोकांचे भांडण हेच होते की पठाण कोणाच्या लाकडाचा. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. पौल त्यांना विचारतो की तुमच्यासाठी क्रुसावर पौल खिळला गेला होता काय? आपल्या धर्मग्रामात वसईचे आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूरचे, केरळचे, अहिल्यानगरच्या बाजूचे आहेत, आणि उरण-पनवेलचे मूळचेही आहेत. "आम्ही वर्गणी काढून चर्च उभे केले तेव्हा हे कुठे होते?" असे एका बाजूने ऐकू येते, आणि "इथे सगळे ठरावीक घरांच्या हातात आहे" असे दुसऱ्या बाजूने. मिस्सा कोणत्या भाषेत किती वाजता, यावरूनही कुरबूर असते. या तक्रारींत काही तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. एक फळी बदलताना शेजारच्या फळीला विचारले पाहिजे, आणि ते प्रत्येक वेळी होतेच असे नाही. पण बारा लाकडांच्या त्या होडीत ओकने बोरीला कधी विचारले नसेल की तू कुठल्या रानातून आलीस. पाणी सर्वांना सारखेच लागत होते.

जाता जाता जब्दीबद्दल. याकोब आणि योहान उठून गेले. होडी आणि म्हातारा बाप मागे राहिला, आणि संत मार्कने नोंदवले आहे की बापासोबत रोजंदारीची माणसे होती. धर्मगुरूंच्या प्रवचनांत जे उठून गेले त्यांची स्तुती पुष्कळ होते, जो बसून राहिला त्याचे नावही निघत नाही. अर्धवट राहिलेले जाळे त्या दिवशी त्यानेच पुरे केले असणार. पुनरुत्थानानंतर, संत योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पेत्र म्हणतो की मी मासे धरायला जातो, आणि इतर म्हणतात की आम्हीही येतो. त्यांत जब्दीचे दोघे मुलगे आहेत. ते काठावर येतात आणि होडीत चढतात. होडी तिथे असते आणि ती पाण्यात घालण्याजोगी असते. मधल्या काळात तिच्या फटी कोणी भरल्या, तिला उन्हात सुकू न देता कोणी पाण्यात ठेवले, जाळी कोणी शिवून ठेवली, हे योहान सांगत नाही. त्या रात्री त्यांना काही मिळाले नाही. पहाटे जाळे माशांनी भरले तेव्हा ते फाटले नाही, एवढे मात्र त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू